ऑरव्हिलला गप्प राहवलं नाही

इर्मा झेलनिकबाईंना कलेतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्या आम्हाला रोज ऐकवायच्या. मर्सर स्ट्रीटवरच्या आमच्या इमारतीत पूर्वी कोटांचा कारखाना होता. त्याचा मालक धंदा गुंडाळून गेला, शिवणाऱ्या बायका पांगल्या. इर्माबाई मात्र मशीनसकट तिथंच राहिल्या. मग स्वस्त भाड्याच्या वासावर आम्ही कलावंत आलो. त्यांच्या वर मी, लोखंड जोडून शिल्पं करणारी. समोर ऑरव्हिल टटल, तीस वर्षं राखाडीवर राखाडी रंग चढवणारा.

"आग लागली तर मी मशीन वाचवीन," बाई मला म्हणायच्या. "तुझं भंगार तू बघ."

पण कॅनव्हास शिवून द्यायला बाई, ताप आला की कोबीचं सूप आणायला बाईच. ऑरव्हिल तर ताप नसतानाही सूप प्यायला जायचा.

आणि शहराचा नवा नियम आला: असल्या जुन्या कारखान्यांत फक्त कलावंतांनी राहायचं. समिती घरी येऊन काम बघणार, पटलं तर कागद देणार. आम्ही बाटल्या उघडल्या. इर्माबाई तेवढ्या कोपऱ्यात बसून होत्या. "ब्रॉन्क्समध्ये बहिणीकडे एक पलंग मावतो," त्या म्हणाल्या. "मशीन नाही मावत."

दारू कडूच लागली. मी म्हटलं, "आम्ही चित्रं देतो. तुमची म्हणून लावा."

"कुणी विचारलं तर? मी कोट शिवते."

"काही बोलू नका! नुसती मान हलवा. मोठे कलावंत तेवढंच करतात."

अट एकच, कुणी आपल्या नेहमीच्या धाटणीचं काही द्यायचं नाही. मी एक पत्रा वाकवून दिला. ऑरव्हिलनं मोठा कॅनव्हास आणला, अर्थात राखाडी. "अर्ध्या तासात फासलाय," तो म्हणाला. "मुद्दाम वाईट." खोटारडा मेला! महिनाभर त्याचा दिवा जळत होता.

समितीचे दोघं आले, एक जाडजूड बाई आणि एक किडकिडीत गृहस्थ. आम्ही शेजारी म्हणून दाराशी गर्दी केली. माझ्या पत्र्याकडे गृहस्थांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मी दातओठ खात गप्प राहिले.

राखाडी कॅनव्हासपाशी मात्र ते थांबले. जवळ गेले, मागे आले. "या कडेला रंग थांबतो ना," ते हळूच म्हणाले, "तिथं माझाही श्वास थांबला. बाई, इतकं खरं काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं."

इर्माबाईंनी शिकवल्याप्रमाणे मान हलवली.

"ते माझंय!"

ऑरव्हिल पुढे घुसला होता. "माझंय ते! मी काढलंय!"

असला घोळ आमच्यासारखी माणसंच घालू जाणोत. त्याच्या नरडीला नख लावावंसं वाटलं मला. बाईंचं घर गेलं होतं, सगळ्यांसमोर, आणि ते ऑरव्हिलच्याही ध्यानात आलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तीस वर्षांत त्याचं एक चित्र विकलं गेलं नव्हतं. कुणी धड शिवीसुद्धा दिली नव्हती.

इर्माबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, "साहेब, मघाशी काय म्हणालात ते परत म्हणा. याच्याकडे बघून म्हणा."

गृहस्थांनी शब्दन् शब्द परत म्हटला. ऑरव्हिल हमसून हमसून रडला.

"तुम्हाला कागद देता येणार नाही," समितीतल्या बाई इर्माबाईंना म्हणाल्या.

"कळलं."

"कलावंताच्या कुटुंबाला मात्र राहता येतं. नियमच आहे तसा." आणि त्या ऑरव्हिलकडे बघत राहिल्या. हळूहळू आम्ही सगळेच बघायला लागलो.

"इर्मा," तो चाचरत म्हणाला, "तुम्हाला चालणार असेल तर... मी..."

"तुझ्या उकिरड्यात मी येणार नाही," इर्माबाई कडाडल्या. "तू इकडे यायचंस. रंगाचे बूट दाराबाहेर. आणि मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"बरं," ऑरव्हिल म्हणाला.

"उघडलंसच!" बाई ओरडल्या, आणि आमच्या सगळ्यांदेखत त्याच्या रंगानं बरबटलेल्या सदऱ्यात तोंड खुपसून रडल्या.