कळ तू दाब

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले परब कॉम्प्युटर दुरुस्त करण्याआधी पंखा बंद करायचे. मे महिना असला तरी. मग कॅबिनेट उघडून हार्ड डिस्कजवळ कान न्यायचे आणि डोळे मिटायचे. समोर बसलेल्या माणसाने तेवढा वेळ घाम पुसायचा नि गप्प राहायचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉलमध्येच हे काम मांडलं होतं.

मेधा, माझी बायको, गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात मी त्यांच्याकडे कॉम्प्युटर नेला. विंडोज नव्याने टाकायला बसलो की डिस्कच सापडत नाही, असा एरर यायचा. स्टेशनजवळच्या दुकानदाराने डिस्क मेली म्हणून सांगितलं होतं. तिच्यात मेधाचे फोटो होते, तिच्या गाण्याच्या क्लासची रेकॉर्डिंगं होती. मला काही वाटलं नाही. खरं तर त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

"डिस्क मेली म्हणूक लोकांचा काय जाता?" परब म्हणाले. "आधी केबल बघूची."

त्यांनी डब्यातून दुसरी केबल काढून लावली. स्क्रीनवर डिस्कचं नाव आलं.

"सगळं पुसा आणि विंडोज टाका," मी म्हणालो.

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "माका सांगा नको. कळ तू दाब."

हा त्यांचा नियम होता. एकदा घाईत त्यांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो पुसले होते. तिची आई त्याच वर्षी गेली. हे त्यांनी मला आवाज न बदलता सांगितलं, आणि परत कीबोर्डकडे बोट केलं.

मी बोट एंटरवर ठेवलं. किती वेळ ठेवलं, माहीत नाही. परबांनी शेवटी कीबोर्ड काढून घेतला, विंडोज दुसऱ्या डिस्कवर टाकलं आणि जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "घाई कसली रे?" एवढंच म्हणाले. ती पुडी मी कपाटात ठेवली.

गेल्या फेब्रुवारीत परब गेले. स्मशानातही मी कोरडाच होतो, त्याची लाज वाटली. तेराव्यानंतर त्यांची मुलगी सुषमा वर आली. बाबांचा कॉम्प्युटर नातवाला द्यायचा होता, पण विंडोज टाकताना डिस्क सापडत नव्हती.

मी खाली गेलो. पंखा बंद केला. त्यांच्याच डब्यातली केबल काढून लावली आणि डिस्क दिसली. आता जुनं सगळं पुसायचं का, असं स्क्रीनवर विचारलं होतं.

"पुसून टाका काका. त्यांची हिशेबाची कागदपत्रं असतील, दुसरं काय," सुषमा म्हणाली.

मी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "कळ तू दाब."

तिचं बोट एंटरवर गेलं आणि तिथेच राहिलं. खाली कोणीतरी रिक्षा वळवत होतं. तो आवाज थांबला तरी बोट तिथेच होतं.

"काका, तुमच्या डिस्कचं बाबांनी सांगितलं होतं. तुम्ही दाबली होती?"

"नाही."

"मग नंतर लावून बघितली का ती डिस्क?"

"अजून नाही," मी म्हणालो.

सुषमाने हात मांडीवर घेतला. मी परबांची डिस्क काढली आणि गुंडाळायला वर्तमानपत्र मागितलं.