एकशे अठ्ठावीसची घडी

बाई परीक्षेत पास होऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. जिन्याखालची अरुंद खोली, कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे. चारशे एक्स्टेन्शन नंबर त्यांना तोंडपाठ होते आणि कोणता डॉक्टर कोणत्या वेळी कुठे दडून बसतो तेही. मग कॉम्प्युटरच्याच वायरवर चालणारे नवे फोन आले आणि एका दुपारी दोन माणसांनी येऊन बोर्ड उचलून नेला. व्यवस्थापकांनी बाईंना सांगितलं, तीन महिन्यांत नेटवर्कचं काम शिका, परीक्षा द्या. पास झालात तर त्या विभागात, नाही तर तळघरात जुन्या केसपेपरांच्या खोलीत. बाईंना दमा होता. त्या धुळीत त्या महिनाभर टिकल्या नसत्या, हे व्यवस्थापक सोडून सगळ्यांना कळत होतं.

शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा तिशीतला, एकटाच पाच मजल्यांचं नेटवर्क सांभाळणारा आणि नाकावर राग घेऊन हिंडणारा. मागितला होता चुणचुणीत मदतनीस, मिळाल्या चौपन्न वर्षांच्या बाई. त्या मला पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणायला लागल्या. त्यात थट्टा किती आणि मान किती, ते मला कधीच ठरवता आलं नाही.

सुरुवात मात्र बरी झाली. आयपी पत्ता म्हणजे काय हे त्यांना पाच मिनिटांत कळलं.

“आपल्या एक्स्टेन्शनसारखंच की,” त्या म्हणाल्या. “तीनशे बारा. तीन म्हणजे तिसरा मजला, बारा म्हणजे खोली.”

अगदी तसंच. पत्त्याचा पुढचा भाग घर सांगतो आणि मागचा त्या घरातला माणूस. घर कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, ते मास्क नावाचा दुसरा आकडा सांगतो. प्रत्येक कॉम्प्युटर आधी मास्क बघतो. समोरचा आपल्याच घरातला असेल तर त्याला थेट हाक मारतो, परका असेल तर निरोप दारावरच्या राउटरकडे देतो. एवढं बाईंच्या डोक्यात पक्कं बसलं.

घोडं अडलं ते वाटणीपाशी. एका घरात दोनशे छप्पन्न पत्ते, ते तीन वॉर्डांत वाटा, असं मी विचारलं. बाईंनी कागदावर भागाकार मांडला. पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, बाकी एक. “तो एक शिपायाला देऊ,” म्हणाल्या.

मला हसू यायला हवं होतं. मी चिडलो. असे भाग पडत नाहीत, निम्मे आणि निम्म्याचे निम्मेच पडतात, असं म्हणत मी शून्य आणि एकच्या रांगाच्या रांगा लिहून काढल्या. ते सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं. “बाई, या वयात हे...” एवढं बोलून मी थांबलो, पण जे पोहोचायचं ते पोहोचलं होतं. त्यांनी वही मिटली आणि त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कापडाची एक लांब पट्टी घेऊन आल्या. त्यांचे यजमान शिंपीकाम करत.

“आमच्या ह्यांना विचारलं,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, त्या यंत्राजवळ टेप नसेल, त्याला नुसती घडी घालता येत असेल. घडी घातली की दोनच भाग होतात.” त्यांनी पट्टी दुमडली. “हे एकशे अठ्ठावीस. परत दुमडलं, चौसष्ट. परत, बत्तीस. आणि दर तुकड्याच्या दोन कडा शिवणीत जातात ना? म्हणून चौसष्टात बासष्टच मशीन बसतात. बरोबर?”

बरोबर होतं. पहिला पत्ता घराच्या नावाचा आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा, ते दोन कोणाला देता येत नाहीत. कॉलेजात मी हे पाठ केलं होतं. समजलं मला त्या दिवशी, तेही एका शिंप्याकडून, ज्याला मी पाहिलंही नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आमच्या नेटवर्कवर गर्दी फार झाली, म्हणून मी त्या दोनशे छप्पन्नचे दोन भाग केले. खालचा निम्मा वॉर्डांना, वरचा निम्मा लॅबला. बहुतेक मशीन नवा मास्क आपोआप घेतात, पण अकरा मशीनचे आकडे हाताने भरलेले होते. बाईंनी त्यांची यादी केली आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही ती वाटून घेतली. सहा बाईंची, पाच माझी. झालेल्या मशीनपुढे त्या पेन्सिलने खूण करत, मी निळ्या पेनाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालरुग्ण विभागातून ओरड सुरू झाली. लॅबचे रिपोर्ट दिसत नव्हते. एका बाळाचा काविळीचा रिपोर्ट तासभर अडकला आणि शेवटी नर्सला धावत जाऊन कागद आणावा लागला. बाळाचं निभावलं, पण मी घामाघूम. लॅबचा सर्व्हर तपासला, वायरी बदलल्या, लॅबवाल्यांशी भांडलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाईंनी मात्र वॉर्डात जाऊन नर्सला दोनच प्रश्न विचारले. बाहेरच्या साइट उघडतात का? उघडतात. बाकी वॉर्ड दिसतात का? दिसतात.

“मास्तर, तिथल्या कॉम्प्युटरचा मास्क जुनाच आहे,” त्या परत येऊन म्हणाल्या. “त्याला वाटतंय लॅब अजून घरातच आहे. म्हणून नुसता हाका मारत बसलाय. राउटरकडे जायचं त्याला सुचणारच नाही.”

आकडा बदलला, रिपोर्ट आला.

दुपारी व्यवस्थापकांनी मला बोलावलं. “ही चूक त्या ऑपरेटरबाईंचीच ना? मला वाटलंच होतं. परीक्षा वगैरे राहू दे, त्यांना तळघरात पाठवू.” मी “बघतो” म्हणालो आणि बाहेर आलो. बाईंनाही तसा निरोप गेला. त्यानंतर दिवस संपेपर्यंत मी त्यांच्या टेबलाकडे फिरकलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच माझ्यासमोर आल्या. हातात यादी होती. बालरुग्ण विभागापुढे निळी खूण होती. तिथल्या मशीनच्या खोलीला त्या सुट्टीच्या दिवशी कुलूप होतं. नंतर करू म्हणून मी आधीच खूण करून ठेवली होती आणि साफ विसरलो होतो.

“ही तुमची खूण,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “तुम्ही सांगताय की मी सांगू? चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला चालायचं नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही दोघं वर गेलो. नोकरी जाईल, बढती तर नक्कीच, अशी तयारी करून मी बोललो. चूक माझी, कालचं गप्प बसणंही माझंच, आणि दोष बाईंनी शोधला.

व्यवस्थापक हसले. “अहो, एवढं काय त्यात? कामाच्या गडबडीत होतं असं. बसा, चहा घ्या.” समोर खुर्ची एकच होती, ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. बाईंना म्हणाले, “ठीक आहे, द्या मग परीक्षा.”

परीक्षेत त्या शंभरात बहात्तर गुणांनी पास झाल्या आणि पुढची सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसल्या. पण त्या सकाळी चहा न घेताच आम्ही बाहेर पडलो. व्हरांड्यात त्या भिंतीला टेकल्या, पंपाने दोनदा औषध ओढलं आणि श्वास सरळ होईपर्यंत थांबल्या.

“काल दुपारपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही, मास्तर,” त्या म्हणाल्या. “घरी ह्यांना सांगितलं, संपलं सगळं म्हणून. आणि चूक तुमची निघाली की ‘एवढं काय त्यात’?”

त्यांना खरंच उत्तर हवं होतं.