आमच्या हॉट रॉडचा बडग्या

आमच्या घरी तयार झालेल्या मोटारीला रिव्हर्स गिअर नव्हता, आणि तो कधी लागेल असं माझ्या यजमानांना वाटलंही नव्हतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात धरमपेठेत आमचं लहानसं घर, पुढे अंगण, आणि अंगणाच्या कडेला टिनाची शेड. ती शेड मी माझ्या शिवण क्लाससाठी बांधून घेतली होती. 'कुसुम शिवण व कटिंग क्लास' असा लांबलचक लाकडी बोर्डही रंगवून तयार होता. बंद पडलेल्या एका क्लासच्या सहा पायमशिनी मी विकत घेतल्या होत्या. शेडची फरशी अजून ओली होती, म्हणून त्या जुन्या नागपुरात, महाल भागातल्या जाऊबाईंच्या घरी ठेवल्या. फरशी वाळली की मशिनी आणायच्या आणि नारळ फोडायचा, एवढंच राहिलं होतं. (नारळ आणलेला होता. पुढे त्याची चटणी केली.)

तेवढ्यात ह्यांना सीताबर्डीच्या फुटपाथवर एक जुनं अमेरिकन मासिक मिळालं. मुखपृष्ठावर एक बुटकी मालमोटार होती. बॉनेट नाही, इंजिन उघडं, मागची चाकं पुढच्यापेक्षा जाड, आणि दोन्ही बाजूंना रंगवलेल्या आगीच्या ज्वाळा.

"हॉट रॉड म्हणतात याले," हे म्हणाले. "जुनी गाडी घ्यायची, कापायची, आपल्या हातानं बांधायची. नव्या गाडीच्या पुढं पळते."

"आपल्याकडं जुनी गाडी कुठं आहे?"

"तेच तर. आणावी लागंल."

ह्यांना सायकलचं पंक्चर काढता येत नसे. कचेरीत हे फायली बांधत, आणि त्यांच्याही गाठी सुटत अशी ख्याती होती. तरी कामठी रोडच्या एका भंगारवाल्याकडून हे गाडी घेऊन आलेच. कधीकाळी संत्री वाहणारी ती मालमोटार बैलगाडीला बांधून घरी आली. तिच्या हौद्यात एरंडाचं झाड उगवलं होतं, आणि स्टिअरिंगखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. कोंबडी भंगारवाल्याने परत घेतली. मला विचाराल तर त्या सौद्यात चालू स्थितीत तेवढीच होती.

गाडी ठेवायची कुठे? माझ्या शेडमध्ये. "फक्त तीन महिने," हे म्हणाले. तिचं तोंड फाटकाकडे करून ती आत ढकलली गेली. (तोंड फाटकाकडे. हे ध्यानात ठेवा.)

तीन महिन्यांची चार वर्षं झाली. ह्यांच्या मदतीला ढोबळे नावाचे मित्र होते. कधीतरी फौजेत ट्रक चालवलेले. काहीही बिघडलं की ते म्हणत, "मिलिट्रीत असंच असते." गिअरबॉक्स त्यांनीच कुठूनतरी पैदा केला. त्यात पुढचे तीन गिअर पडत होते, मागचा पडत नव्हता. मी विचारलं, की मागे जायचं झालं तर? ह्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं की जणू मी देशाच्या प्रगतीविरुद्ध बोलले.

"ही पुढं जायची गाडी आहे, कुसुम."

मग घरातल्या वस्तू एकेक करून शेडमध्ये जाऊ लागल्या. पाहुण्यांची गादी सीटमध्ये गेली. सीटचं रेक्झिन मीच माझ्या घरच्या मशीनवर शिवून दिलं आणि सुया मोडून घेतल्या, कारण गाडी जितक्या लवकर होईल तितक्या लवकर शेड मोकळी होईल असा माझा हिशेब होता. मे महिन्यात, नागपूरच्या मे महिन्यात, ह्यांनी कूलर उघडून त्याचा पंखा काढला आणि इंजिनापुढे बसवला.

"इंजिन थंड राह्यलं पाह्यजे," हे म्हणाले.

"आणि आम्ही?"

"तुम्ही ओला पंचा घ्या."

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सर्वांत सुखी जीव म्हणजे ते इंजिन होतं. ते चालू होत नव्हतं, पण सुखी होतं.

शेवटी ज्वाळा काढायची वेळ आली. ह्यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवणारा पेंटर आणला. त्याने आयुष्यभर फक्त खलनायकांचे डोळे लाल केले होते, त्यामुळे आगही त्याच तऱ्हेची झाली. दोन्ही दारांवर होळी पेटल्यासारखी दिसत होती. आणि हौद्याच्या मागच्या बाजूला फळी कमी पडत होती. एके दिवशी मी भाजी घेऊन आले तर माझा बोर्ड तिथे ठोकलेला! 'कुसुम शिवण व कटिंग क्लास', अक्षरं बाहेरच्या बाजूला.

"तुझी जाहिरात होईल," हे म्हणाले. ती झाली. सगळ्या नागपुरात झाली.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी जाऊबाईंचा निरोप आला. माझ्या मशिनी ठेवल्या होत्या त्याच खोलीत त्यांच्या महालक्ष्म्या बसत, आणि इतकी वर्षं त्यांनी मशिनींवर चादरी टाकून महालक्ष्म्या कोपऱ्यात बसवल्या होत्या. या वर्षी गणपतीच्या आत मशिनी नेल्या नाहीत तर त्या भंगारात देणार होत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी हातगाडी ठरवते म्हटलं, तर ह्यांचा चेहरा पडला.

"घरची गाडी असताना हातगाडी?"

गाडी आदल्याच आठवड्यात पहिल्यांदा सुरू झाली होती. पहिल्या खेपेला माझ्या मशिनी आणायच्या, मग गाडी ढोबळ्यांच्या आवारात आणि शेड माझी, असं ठरलं. सुट्टी होती फक्त मारबतीची.

नागपूरबाहेरच्या लोकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. त्यांच्याबरोबर बडगे असतात, म्हणजे कागद-बांबूचे मोठाले पुतळे. ज्या गोष्टीने त्या वर्षी लोकांना छळलं तिचा बडग्या करायचा, गावभर फिरवायचा, "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायचं, आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचा. फार समजूतदार सण आहे.

"मिरवणूक महालात यायच्या आत आपण परत येऊ," हे म्हणाले. मी बसले. चार वर्षं वाट पाहिलेली बाई हातगाडीच्या चार तासांसाठी थांबली नाही, आणि मला व्यवहार कळतो असं लोक म्हणतात.

जाताना गाडी उत्तम गेली, म्हणजे वाटेत फक्त दोनदा बंद पडली. जाऊबाईंच्या गल्लीत ह्यांनी ती ऐटीत आत घातली. मशिनी चढवल्या. ढोबळे मागे हौद्यात त्या धरून बसले. एका मशीनचं वरचं डोकं सुटं होतं, ते मी मांडीवर घेतलं. आणि मग हे थोडा वेळ स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले.

"काहून थांबले?" मी विचारलं.

"मागं घ्याची होती."

गल्ली एवढी अरुंद की गाडी वळवणं अशक्य. ढकलून मागे घ्यावी तर सहा मशिनींचं लोखंड आणि वर ढोबळे. पुढे जाणं हाच एक मार्ग होता, आणि गल्लीचं पुढचं तोंड उघडत होतं मोठ्या रस्त्यावर. तिथून ताशांचा आवाज येत होता.

आम्ही बाहेर पडलो ते दोन बडग्यांच्या मधोमध. आमच्या पुढे भेसळवाल्या दुकानदाराचा बडग्या, आमच्या मागे पोट सुटलेल्या पुढाऱ्याचा, आणि मध्ये आम्ही. दारांवर आग, उघड्या इंजिनातून काळा धूर, कूलरच्या पंख्याचा खडखडाट, हे घामाघूम, आणि मी मांडीवर मशीनचं डोकं घेऊन ताठ बसलेली. आमच्याइतका जिवंत बडग्या त्या मिरवणुकीत दुसरा नव्हता.

कपाळभर गुलाल लावलेला, शिट्टीवाला एक मंडळाचा माणूस दाराशी आला. "कोन्या मंडळाचा बडग्या हाय गा हा?"

"बडग्या नाही," हे म्हणाले. "गाडी आहे."

तो मागे वळून ओरडला, "गाडीचा बडग्या हाय म्हनते!"

तेवढ्यात कोणीतरी मागचा बोर्ड वाचला. शिवण, कटिंग, मशिनी, आग. लोकांनी चटकन अर्थ लावला: हा वाढलेल्या शिलाईचा बडग्या. त्या वर्षी शिलाई खरंच वाढली होती. वाढवणाऱ्यांत मीही होते, घरी ब्लाउज शिवून देत असे.

गर्दीतून एका बाईने विचारलं, "बिलाउजचे किती घेता वं बाई?"

आणि मी भाव सांगितला. अस्तराचा वेगळा, हेही सांगितलं. सवयीने.

त्यावर जो गजर उठला! "शिलाईची महागाई, घेऊन जा गे मारबत!" पुढचा चौक येईपर्यंत तो सगळ्या रस्त्याला पाठ झाला. मी वर पाहिलं, तर बोळातून धावत येऊन जाऊबाई ओळखीच्या एका गॅलरीत उभ्या होत्या आणि सर्वांत मोठ्याने ओरडत होत्या. त्यांची महालक्ष्म्यांची खोली मोकळी झाली होती. मी त्यांचा आनंद समजू शकते.

आणि हे हात हलवत होते! चार वर्षांत त्या गाडीकडे बघून कोणी हसलं नव्हतं, निदान तोंडावर तरी नाही. आता दोन्ही बाजूंच्या गच्च्या भरून लोक टाळ्या वाजवत होते.

"पाह्यलं?" हे म्हणाले. "लोकायले आवडून राह्यली."

"अहो, ते आपल्याले जाळाले नेऊन राह्यले."

"मिलिट्रीत असंच असते," मागून ढोबळे म्हणाले.

आडवी गल्ली आली की मी "वळवा" म्हणे, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी माणसांची भिंत असे. असं करत करत आम्ही पहिल्या गिअरमध्ये शेवटपर्यंत गेलो. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर पोचल्यावर गाडी आपसूक बंद पडली. तिला जागा कळली असावी. पुढचा दुकानदार पेटला. शिट्टीवाला माणूस रॉकेलचा डबा घेऊन आमच्याकडे आला.

"उतरा बाई. जाळाचं हाय आता."

"आधी माझ्या मशिनी उतरवा," मी म्हटलं.

चार-पाच जणांनी त्या उतरवून गवतावर रांगेत ठेवल्या. उचलतानाच त्यांना वजन कळलं. शिट्टीवाल्याने डबा खाली ठेवला. त्याने गाडीच्या दाराला बोटाने टिचकी मारली, मग इंजिनाला हात लावून चटका घेतला.

"मशिनी तं खऱ्या हायत. गाडीबी खरी हाय काय?"

हे दिवसभर तेच सांगत होते. पण ओरडून ओरडून ह्यांचा आवाज बसला होता, आणि तसंही ह्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. तो माणूस माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हनान तसं करू."

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या सहाही मशिनी सुरक्षित खाली होत्या. घरी शेड रिकामी होती. मी फक्त "नाही, खोटी आहे" म्हणायचं होतं. चार वर्षं, एक गादी, एक कूलर आणि एक बोर्ड, सगळं तिथल्या तिथे फिटलं असतं, आणि वर मारबतीचं पुण्य मिळालं असतं. हे रेडिएटरवर हात ठेवून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"खरी आहे," मी म्हटलं. "जाळू नका. टायर नवे आहेत."

हेच कारण तोंडात आलं. नवी वस्तू जळताना मला बघवत नाही.

नागपूरची माणसं चांगली. ज्यांना जाळायची होती त्यांनीच मशिनी परत चढवून गाडी ढकलत धरमपेठेत आणली. संध्याकाळ झाली होती, पाऊस भुरभुरत होता, मी आत चहा ठेवत होते. मशिनी भिजू नयेत म्हणून त्या भल्या लोकांनी गाडी सरळ शेडमध्ये घातली. तोंड भिंतीकडे करून. शेडची जमीन आतल्या बाजूला उतरती होती आणि गाडीला रिव्हर्स नव्हता. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते सगळे समाधानाने हात पुसत होते.

गाडी अजून तिथेच आहे. क्लास मी शेवटी व्हरांड्यात सुरू केला. पहिल्याच आठवड्यात महालातून दोघी-तिघी विचारत आल्या, "शिलाईची महागाईवाल्या बाई इथंच राह्यतात काय?" फी सांगितली की त्या एकमेकींकडे बघून हसत, आणि मला ती कमी करावी लागे.

राहता राहिले टायर. दोन-तीन वर्षांनी म्हटलं, ते तरी काढून विकावेत. ढोबळे खाली वाकून बघत म्हणाले, "वहिनी, हे नवे नाही. घासलेल्या टायरवर वरून रबर चढवलं हाय. आतल्या बाजूनं पाहा." मी पाहिलं. आतून धागे निघाले होते.

कापड घेताना आधी उलटी बाजू बघा, हा माझ्या क्लासचा पहिल्या दिवसाचा धडा आहे.