उभं राहायची बंदी

माझ्या डाव्या पायावर गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंत हिरव्या-निळ्या शिरा उठल्या, त्याला वीस वर्षं तरी झाली असतील. त्या शिरांचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो. त्या लोकांना दिसाव्यात म्हणून मी धोतर जरा जास्तच वर खोचायचो. तरण्या मेंढक्यांना म्हणायचो, "बघा रं, ह्याला म्हणत्यात मेंढक्याचा पाय. तुमच्या पायावर हाय का अशी एक तरी?" माझ्या बापाचाही पाय असाच होता. म्हणून तो घराण्याचा मान, असं मी धरून चाललो होतो. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा रोग आहे, आणि घराण्यात चालतो एवढं मात्र खरं.

पाय संध्याकाळी सुजायचा. घोट्यापाशी खाज सुटायची, आणि खाजवून खाजवून तिथली कातडी काळी पडली होती. तिकडं मी बघत नव्हतो. पण घरातली माणसं बघत होती.

आम्ही माणदेशातली माणसं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतो, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतो. कळतं तेव्हापासून मी एक वर्ष चुकवलेलं नाही. यंदा दसऱ्याला थोरला पोरगा म्हणाला, "आबा, ह्या पायानं तुमी येऊ नगासा. घरी ऱ्हावा."

घरी राहून मी काय करू? मेंढरं निघून गेल्यावर आमच्या वाड्यात लेंड्यांचा वाससुद्धा चार दिवसांत उडतो. मग दारात बसायचं आणि येणारी-जाणारी एस.टी. बघायची. ते मला मरणाहून नको होतं. मी म्हटलं, "डॉक्टरनं सांगितलं तर ऱ्हाईन." शाळेत मी दुसरीच्या पुढं गेलो नाही, पण माणसाकडून काय वदवून घ्यायचं ते मला जमतं, असा माझा समज होता.

साताऱ्याला गेलो. बरोबर बायको. तिला नेलं हीच पहिली चूक. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांनी पाय बघितला, कसल्याशा मशिनीनं शिरांचा आवाज ऐकला आणि विचारलं, "आजोबा, दिवसभर काय करता?"

"चालतो."

"किती वेळ?"

"दिस उगवल्यापास्नं मावळंपर्यंत."

"अरे वा! या आजाराला चालणं चांगलंच. चालताना पोटरी दाबली जाते आणि रक्त वर चढतं."

मी बायकोकडं बघितलं. ती माझ्याकडं न बघता बाईंना म्हणाली, "आवं बाई, चालत्यात ती मेंढरं. ह्ये काठीवर हनुवटी ठिवून उभं असत्यात."

"गप गं."

"त्ये बी एका पायावर."

बाई म्हणाल्या, "दाखवा बरं, कसे उभे राहता?"

माझी काठी त्यांनी दाराबाहेर ठेवायला लावली होती. मग मी तिथला सलाईनचा खांब धरला, उजवं पाऊल उचलून डाव्या गुडघ्याला टेकवलं आणि अंग खांबावर रेललं. खांबाला चाकं असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आणि खांब मिळून बाईंच्या टेबलापर्यंत गेलो.

"म्हणूनच डावा पाय," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचं हसू त्यांनी कागदात दडवलं, बायकोनं दडवलं नाही.

मग त्यांनी समजावलं. शिरांच्या आत बारीक झडपा असतात, वर गेलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. माझ्या झडपा ढिल्या पडलेल्या. म्हणून एका जागी उभं राहायचं नाही. फार वेळ उकिडवं बसायचं नाही. पाय गरम पाण्यानं शेकायचा नाही, खाजवायचा नाही. झोपताना तो उशांवर ठेवायचा. आणि सकाळी अंथरुणातून उतरायच्या आत घट्ट मोजा चढवायचा, तो रात्री काढायचा. शस्त्रक्रिया लागेल का, ते पुढं बघू. मी जन्मभर जे जे केलं होतं ते सगळं त्यांनी बंद केलं. एक चालणं तेवढं ठेवलं. "नियम पाळले तर मेंढरांबरोबर जा," म्हणाल्या. पुढं त्या बायकोला आणखी काही सांगत होत्या, पण मी तेव्हा तो खांब परत जागेवर लावत होतो.

मोजा घरी आल्यावर बघितला. कातडीच्या रंगाचा, गुडघ्यापर्यंत, आणि बोटं उघडी. माझं काय डोकं फिरलं होतं का, तो घालून चारचौघांत धोतर नेसायला? मी तो ट्रंकेत ठेवला, आणि स्वतःचा उपाय काढला. मेंढराचा मोडका पाय बांधण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. बांबूच्या चार कामट्या, वरून पटक्याची चिंधी, आणि सगळ्यात घट्ट गाठ वर गुडघ्याखाली. म्हणजे मेंढरानं पाय झटकला तरी ते खाली सरकत नाही. मी म्हटलं, मोज्यात तरी काय असतं? घट्टपणाच ना? तो माझ्याकडं घरचा आहे.

तीन दिवस पाय तसा बांधून धोतराच्या आत लपवला. पाऊल फुगून वहाण कशीबशी चढायची. मला वाटलं, औषध लागू पडतंय म्हणून ठणकतंय. तिसऱ्या दिवशी माळावर मेंढरं चरत होती आणि कामट्यांच्या खाली घोट्याला अशी खाज सुटली, की मी काठीच्या टोकानं खरवडलं. दुखलं काहीच नाही. बघतो तर रक्ताची बारीक चिळकांडी उडतेय. मेंढरू धडपडलं की आपण त्याला आधी उभं करतो. मी स्वतःलाही उभं केलं आणि घराकडं निघालो. दहा पावलांत वहाण रक्तानं भरली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

समोरून बायको भाकरी घेऊन येत होती. ती पळत आली.

"आडवं व्हा."

"अगं मेंढरं..."

"मेंढरं जाऊ द्यात खड्ड्यात. आडवं व्हा म्हनते न्हवं!"

मला तिनं खडकावर उताणा पाडला, माझा पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि भाकरीचं फडकं घडी करून त्या जागेवर दाबून धरलं. बाईंनी मी खांबाशी झटत असताना तिला हेच सांगितलं होतं. गावातला एकजण मोटारसायकलवरून चालला होता, तो थांबला.

"काय काकू, काय झालं?"

"मेंढक्याचा पाय धरून बसलीया. तुमी तेवढी मेंढरं वळवा, लोकांच्या ज्वारीत शिरत्यात."

मग तिच्या हाताला कामट्या लागल्या.

"ह्ये काय बांधलंय?"

"कामट्या."

"पाय मोडलाय का?"

"न्हाई."

"मग?"

मी धोतर खाली ओढायला गेलो.

"मेंढराला असं बांधलं असतं, तर त्यानं लाथ तरी मारली असती," ती म्हणाली आणि गाठ सोडली.

रक्त थांबलं. दवाखान्यात टाका पडला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त कामट्या बघायला मागितल्या. "आजोबा, वर घट्ट आणि खाली सैल," त्या म्हणाल्या, "मग रक्त वर चढणार कुठून? मोजा घोट्यापाशी सगळ्यात घट्ट असतो, वर येईल तसा सैल." मेंढराच्या डॉक्टरला माणसाच्या डॉक्टरनं एवढ्या थोड्यात शहाणं केलं.

जखम भरल्यावर मोजा ट्रंकेतून बाहेर निघाला. तो चढवणं म्हणजे सकाळची कुस्ती. मी उताणा, पाय आढ्याकडं, बायको दोन्ही हातांनी ओढतेय आणि आम्ही एकमेकांवर खेकसतोय. सून चहा दारातच ठेवून जायची.

निघायच्या आदल्या दिवशी थोरला माझ्यापुढं बसला. "आबा, बाईनं चालाय सांगितलंय, तर चाला. पर कुठं उभं ऱ्हायलेलं दिसलासा, तर त्याच दिशी गाडीत बसवून घरी लावून दीन."

"बापाला दम देतोस व्हय रं?"

"व्हय."

मी कबूल झालो. दुसरं करणार काय?

आता तळ कऱ्हाडच्या खाली पडलाय. वाट सरताना काही अडचण नव्हती, मेंढरं चालतात आणि मी चालतो. अडचण येते ती मेंढरं चरायला थांबल्यावर. ती थांबली तरी मला थांबायची बंदी. म्हणून मी त्यांच्याभोवती फेऱ्या मारतो. रानाचा मालक पहिल्या दिवशी बराच वेळ बघत होता, शेवटी त्यानं माझ्या पोराला विचारलं, "म्हाताऱ्याचं काय हरवलंय का?" आमच्या कुत्र्यानंही दोन दिवस माझ्या मागून फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की हे काम आता मी घेतलंय. तेव्हापासून ते बाभळीखाली पाय लांब करून पडतं आणि मी समोरून गेलो की एक डोळा उघडून बघतं.