आधी-नंतरच्या बाई

उमरीत आमच्या इंग्रजीच्या बाईंना सगळे ‘आधी-नंतरच्या बाई’ म्हणत. त्यांच्यासमोर ‘लाइफ-चेंजिंग’ हा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. आयुष्य पालटून टाकणारं ते लाइफ-चेंजिंग, इतका सोपा अर्थ. पण निबंधात तो दिसला की बाई चष्म्यावरून बघत. “आधी काय व्हतं, नंतर काय झालं? दोन्ही सांग, मग वापर.”

एकाने सहस्रकुंड धबधब्याची सहल लाइफ-चेंजिंग झाल्याचं लिहिलं. काय बदललं, असं विचारल्यावर डोकं खाजवत म्हणाला, चप्पल वाहून गेली. बाई हसल्या, पण शब्दावर काट मारलीच. मला मात्र त्यांनी तो दिला. सातवीनंतर मी घरी बसले होते. एसटीचा पास मिळाला आणि उमरीची शाळा सुरू झाली, एवढंच मी लिहिलं होतं. “ह्यो शब्द तुझा हाय,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्या घरचीच झाले.

गेल्या वर्षी बाईंचा आवाज बसला, तो काही केल्या सुधारेना. नांदेडच्या दवाखान्यात मीच सोबत होते. घशातली गाठ कर्करोगाची निघाली. डॉक्टर तरुण होते. समजावताना बोलून गेले, ऑपरेशन लाइफ-चेंजिंग असेल. बाईंनी घोगऱ्या आवाजात तोच प्रश्न विचारला.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. “आधी आवाज आहे, नंतर नसेल.”

बाईंनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली नाही. घरी येऊन शिकवण्या घेत राहिल्या. गाठ वाढत होती, आणि मी विषय काढला की त्या उठून आत जात. मला रागही यायचा, रडूही यायचं.

“मुकी होऊन पोरांपुढं काय करू?” एकदा त्या म्हणाल्या.

“बाई, सही नाही केली तर नंतर काय, तेही सांगा. दोन्ही सांगा.”

“माझंच मला शिकवून राहिलीस,” एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभ्या होत्या. पिशवीतून पाटी डोकावत होती.

ऑपरेशन संपेपर्यंत मी बाकावर पाणीसुद्धा प्यायले नाही. शुद्धीवर आल्यावर बाईंनी खुणेनं पाटी मागितली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. डॉक्टर आत आले तशी त्यांनी पाटी त्यांच्याकडे फिरवली.

“शब्द बरोबर,” असं लिहिलं होतं. आणि शेजारी, वहीत करायच्या तशी, बरोबरची मोठी खूण.