आक्काकडून आलेली चाल

बंडूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा आई पहिल्यांदा काय बोलली माहितीये? "आधी सांगा, तुमी कोण बोलताय?" परळीहून मामाचा घरमालक बोलत होता. सकाळी दार उघडेना म्हणून कडी तोडली, तर मामा खुर्चीतच... हार्ट अटॅक. आईला वाटलं, आता हा माणूस ओटीपी मागणार. "खरं असंल तर फोटो टाका," म्हणाली. फोटो आला. मग ती चुलीपुढं नुसती बसून राहिली आणि तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली.

आता मला मामाबद्दल लिहायचंय, आणि मी भराभर लिहितेय, कारण थांबले तर पुढं लिहिणारच नाही. आमचा बंडूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मूळचे शिरूर कासारचे. आजी-आजोबा ऊसतोडीला जायचे, तेव्हा आईची शाळा बंद करून तिला सोबत न्यायचे, बंडूला सांभाळायला. उसाच्या फडात, बांधावर हा झोळीत आणि आई झोळीच्या दोरीला. पुढं मामा परळीच्या थर्मल वीजकेंद्रात वेल्डिंग शिकला, तिथून जहाजांच्या कामाला लागला आणि थेट नॉर्वे, स्कॉटलंड असल्या गार मुलखात जाऊन पोचला. आजोबा वारले तेव्हाही आला नाही. वर्षानुवर्षं नुसता फोन. आणि परत परळीला राहायला आला तो काय घेऊन? पेटीत एक फिडल! म्हणजे व्हायोलिनच, पण नॉर्वेचं. शिंपल्याची नक्षी, मानेवर कोरलेलं सिंहाचं तोंड, आणि वाजवायच्या तारांखाली आणखी चार-पाच तारा, ज्यांना गज लागतच नाही. वरचा सूर जुळला की त्या आपोआप गुणगुणतात. आई फिडलपासून हातभर लांब उभी राहून म्हणाली, "हात न लावता वाजतंय? मला न्हाई बाबा पटत." मामा हसला, "आक्का, तिकडं बी लोकांना न्हाई पटलं. सैतानाचं वाद्य म्हणून जाळायचे ह्येला."

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं आमच्या नांदूरघाटात, जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये, शिबिर काढलं. स्कॉटलंड-नॉर्वेची लोकगाणी शिका, व्हायोलिन मी देतो, फी नाही. बास! गावाला कामच मिळालं. हॉटेलात गणपततात्या म्हणाले, "फुकट हाय म्हणतो? मंग झेडपीला हुबा ऱ्हातोय बघ." दुसरा म्हणाला, "आरं न्हाई बे, धर्मबिर्म बदलायचं असंल." आमचे आप्पा तर मेव्हण्याला तोंडावरच बोलले, "कावून शिकवताय? खरं सांगा. घरातलाच हाय मी." मामा नुसता गजाला राळ घासत बसला. त्यामुळं संशय आणखी वाढला. माझाही!

तरी मी गेले. बँडमधले सलीमभाई आले, मराठी शाळेच्या जाधवबाई आल्या, आणखी पाच-सहा पोरीपोरं. आई पण रोज यायची, पण शिकायला नाही, दाराशी पोत्यावर बसून पहारा द्यायला. मामा कागद देत नव्हता, फळा नाही, मोबाईलवर टेप करायचं नाही. "आधी तोंडानं म्हणा, मंग हातात घ्या." एवढासा तुकडा, डीडल-डम डीडल-डम, तोंडाला फेस येईपर्यंत. मग पाय आपटून ठेका. स्कॉटलंडची एक चाल काही केल्या जमेना, आखूड सूर आधी आणि लांबडा नंतर, तर मामा ओरडला, "कोयता बघितला न्हाई का कदी? खटकन् घाव, अन् मंग ऊस वढायचा! खट्... सर्रऽऽ." झटक्यात जमलं! आई दाराशी किंचित हसली आणि मी बघतेय म्हटल्यावर लगेच पदर तोंडाला.

आणि एक नियम होता. वाजवायच्या आधी ती चाल कुणाकडून आली ते सांगायचं. "ही बंडूभाऊंकडून, त्यांना इंग्रिडबाईंकडून, त्यांना त्यांच्या चुलत्याकडून." नॉर्वेत म्हणे असंच असतं, चाल माणसाच्या नावानं चालते. सलीमभाई म्हणाले, "हे बरंय, वाजवायच्या आधी आख्खं खानदान!" दारातून डोकावणाऱ्या गणपततात्यांना वेगळीच शंका, "नावं कावून घेतोय ह्यो? उद्या साक्षीला बोलवायचा."

शेवटच्या दिवशी उलटं होतं. मामानं दिलं, आता प्रत्येकानं आपल्याकडची एक चाल त्याला द्यायची. सलीमभाईंनी वरातीची दिली, जाधवबाईंनी पाळण्याची. मग मामा पोत्यापाशी गेला, खाली बसला. "आक्का, फडात बांधावर म्हणायचीस ते म्हण की."

"न्हाई येत."

"येतंय तुला."

"न्हाई येत म्हन्ले ना!"

येत होतं हो! भाकरी थापताना कितीदा ऐकलंय मी. घरी आल्यावर विचारलं तर आई फणकारली, "बापाच्या मातीला आला न्हाई, अन् आता गाणं मागाया आला? इतकी वर्सं न्हाई आठवलं ते? कायतरी असल्याबिगर न्हाई मागत त्यो. घिऊन जाईल अन् तिकडं इकंल." त्यानंतर मामा परळीहून आला की जेवण झाल्यावर एकदा विचारायचा, आई एकदा नाही म्हणायची. कधी तो त्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा गुणगुणून मध्येच थांबायचा आणि तिच्याकडं बघायचा. आई भांडी जोरात घासायची...

मामाची खोली रिकामी करून आम्ही फिडल घरी आणलं. पेटीवर परळीच्या थर्मलची राख बोटभर. आप्पांनी ते स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळ्यावर अडकवलं. आईनं त्यावर तिचा जुना टॉवेल टाकला. "माझ्याकडं बघतंय ते," म्हणे.

मी मामाबद्दल फेसबुकवर टाकलं होतं. काही आठवड्यांनी इंग्रिडबाईंचा व्हिडिओ आला. त्याच त्या, ज्यांच्या नावानं आम्ही पाय आपटायचो! पिकलेले केस, मागं खिडकीत बर्फ. मी आईला एकेक वाक्य मराठीत सांगत होते. बंडू आमच्या नॉर्वेतल्या शिबिरात पहिल्यांदा आला तेव्हा प्रत्येकानं एक चाल द्यायची होती. त्याच्याकडं एकच होती. ही चाल बंडूकडून, बंडूला आक्काकडून, शिरूर कासार... त्यांनी "आक्का" इतकं नीट म्हटलं की आई दचकलीच. आणि बाई वाजवायला लागल्या. तेच! फडातलं! आई माझ्याकडं वळून म्हणाली, "बघ. म्हन्ले न्हवते मी? नेलंच त्यानं." तेवढ्यात बाई मध्येच थांबल्या. गज खाली घेतला. म्हणाल्या, इथून पुढं त्याला आठवत नव्हतं. अर्धी चाल देणं बरं नाही म्हणायचा, घरी जाऊन बहिणीला विचारतो म्हणाला. मिळाली का त्याला?

आईनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "ही बाई खरी हाय का? मोबाईलवर काय बी बनवतेत आजकाल." मी परत लावलं. परत. पुन्हा. चौथ्या-पाचव्यांदा आई पुटपुटली, "इथं झटका पायजे, ही नुसतीच वढतीय." आणि मग एकदम, "त्याला कसं येणार पुढचं... तवर झोपायचा की त्यो."

मी गडबडीनं रेकॉर्डिंग चालू केलं, तर हातातून मोबाईल काढून घेतला. "ठेव ते. आधी तोंडानं म्हण."

आता रोज भाकरीच्या वेळेला एकेक तुकडा शिकतेय. कोणत्या दिवशी ते नाही आठवत, पण टॉवेल आईनंच काढला. परवा तिनं पहिल्यांदा शेवटपर्यंत म्हटलं, शेवटचा सूर लांबवला, आणि भिंतीवरनं बारीक गुणगुण आली. कुणाचा हात नाही, गज नाही. आईनं पिठाचे हात तसेच ठेवून मान वळवली आणि त्या फिडलकडं लई संशयानं बघितलं.

"झोपला न्हाईस व्हय रे अजून?"