थेंबवाला आर्म

चकचकीत काळ्या रंगाची मला आता शिसारी येते. लग्नाची गाडी असो की नव्या फ्लॅटचं ग्रिल, आरशासारखा काळा दिसला की माझं तोंड वाकडं होतं. घरचे म्हणतात, एवढ्याशा रंगाचं काय घेऊन बसलीस. बसलेय खरी.

माझे वडील, नाना, उमेदीच्या काळात मुंबईला मोटारींच्या कारखान्यात होते. चाकाला धरून ठेवणारे आणि खड्ड्यात खालीवर होणारे जे लोखंडी आर्म असतात, ते आकड्याला टांगायचे, काळ्या रंगाच्या टाक्यात बुडवायचे आणि निथळायला लावायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते गावी आले आणि आई गेल्यावर माझ्याकडे धुळ्यात. हळूहळू त्यांचं एकेक पुसट होत गेलं. आधी शेजारी विसरले, मग नातवंडं. आता मीसुद्धा त्यांना कुणी पाहुणी वाटते. मला अक्का म्हणतात आणि चहा पिधा का, घेतला का, म्हणून अहिराणीत अदबीनं विचारतात. पोटच्या पोरीला. चीड कुणावर काढायची?

फैजपूरला एका केळीच्या वखारीमागे त्याच कारखान्यातली जुनी गाडी सडत पडली होती. ती मी विकत घेतली. नवरा म्हणाला, भंगार उचलून आणलंस. होतंच भंगार. पण खालचा चिखल खरवडला तर चारांपैकी एका आर्मवर कारखान्यातला मूळ रंग जसाच्या तसा! इंजिनचं तेल वर्षानुवर्षं त्याच्यावर गळत राहिलं, म्हणून गंज चढला नव्हता. मंद, मातकट काळा रंग. वरच्या टोकाला आकड्याची उघडी खूण, आणि खालच्या टोकाला रंग निथळता निथळता वाळून बसलेला एक टपोरा थेंब.

तो आर्म पुसून मी नानांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा अंगठा आपसूक खाली गेला आणि थेंबावर थांबला.

"हाऊ मना हातना शे," ते म्हणाले. मग वर बघून त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली.

तो थेंब खरंच त्यांच्या हातचा, की दुसऱ्या पाळीतल्या कुणाचा, देव जाणे. मला काय करायचंय? नाव घेतलं ना! त्यानंतर जेव्हा जेव्हा आर्म हातात दिला, तेव्हा थोडा वेळ का होईना, नाना माझे असायचे. मग मला हाव सुटली. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशीच खालून-वरून करायची, अंगणात उभी करायची आणि नानांना रोज तिच्याशेजारी खुर्ची टाकून द्यायची.

बाकीचे तीन आर्म आणि स्प्रिंगा घेऊन मी जळगावला एका रंगवाल्याकडे गेले. नमुना म्हणून थेंबवाला आर्मही नेला. फवारा मारायचा नाही, बुडवून काढायचं, चमक अजिबात नको, आणि खालचा थेंब घासायचा नाही, असं त्याला दहादा बजावलं. तो हसला. थेंब राहिला तर आमच्याकडे माल परत येतो, म्हणाला. नमुन्याला हात लावू नका, म्हटलं. त्यानं मान डोलावली आणि आर्म भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

खंडेनवमीच्या दुपारी माल न्यायला गेले. दारात रांगोळी, आत उदबत्तीचा धूर आणि थिनरचा वास. पूजेसाठी सगळं दुकान घासून काढलेलं. कॉम्प्रेसरला नवा रंग, रंग वाळवायच्या भट्टीला नवा रंग, पाण्याच्या टाकीच्या स्टँडलाही नवा रंग. माझ्या स्प्रिंगा तर लालभडक! कारण काय, तर शो येतो. शो! मेला गाडीखाली कोण झोपून बघणार होतं तो शो? टेबलावर माझे आर्म मांडलेले, त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. असले तुकतुकीत, की त्यात माझं तोंड दिसत होतं. दोनचार गिऱ्हाइकं भोवती उभी राहून फोटो काढत होती, वा वा करत होती.

मी भिंतीकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. मग टेबलावरचे आर्म मोजले. चार.

रंगवाला पेढ्याचा बॉक्स पुढे करत आला.

"ताई, नमुना पण घासून नवाकोरा करून दिला. सणाच्या दिवशी तसलं मळकं लोखंड भिंतीवर कसं ठेवायचं?"

त्याच्या तोंडावर इतकं निर्मळ कौतुक होतं, की त्याचीच मला जास्त किळस आली. लबाड माणूस असता तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. चारांतला नमुना कोणता, एवढंच विचारलं. त्यानं एक उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. त्यालाही सांगता येईना. पेढा मी घेतला नाही.

पारोळ्यापर्यंत स्वतःशी शिव्या घालत आले. पुढे शिव्याही संपल्या. मनाशी म्हटलं, आकार तर तोच आहे, वजन तेच आहे, हाताला कळेल कदाचित.

घरी आल्यावर चारही आर्म नानांसमोर ठेवले. त्यांनी पहिला घेतला. अंगठा खालच्या टोकाला गेला, तिथं घुटमळला, पुन्हा फिरला. दुसरा घेतला. तिसरा. चौथ्याचं टोक ते कितीतरी वेळ चाचपत राहिले. मग तोही बाजूला सारून त्यांनी बोटं धोतराला पुसली, काही घाण लागावी तशी.

"हाऊ आमना नही."

मी तिथंच बसून होते. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं तसे ते जरा सावरून बसले.

"अक्का, चहा पिधा का?"

घेतला, म्हटलं.